अलीराजपूर जिल्हा वाचायचा कसा: आकडे, कचेऱ्या आणि फलिया

साताऱ्याहून भाचीचा फोन आला. ती बँकेत आहे, शेतीकर्जाचं काम बघते. "आत्या, माझी बदली जोबटला झाली. जिल्हा अलीराजपूर. तुमच्या इंदूरच्या जवळच ना गं?"

जवळ म्हणजे इंदूर संभागात (महाराष्ट्रातला महसुली विभाग तो इकडचा संभाग), एवढं खरं. बाकी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांचीही ओळख धारपर्यंतच असते. पाहुणे आले की त्यांना महेश्वर, ओंकारेश्वर दाखवायचं, आणि धारला पोचलो की गाडी मांडूकडे वळते. सरळ पुढे कुणी जात नाही. मी गेले, कारण माझी नोकरी तिथे होती. सोंडवा विकासखंडातल्या, म्हणजे ब्लॉकमधल्या, एका शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं, आणि २००१ च्या जनगणनेत तिथलीच घरं मोजली.

दुसऱ्या दिवशी भाचीने आकडे पाठवले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ७,२८,९९९. क्षेत्रफळ ३,१८२ चौरस किलोमीटर. ९२ टक्के लोक खेड्यात. ८९ टक्के अनुसूचित जमातींचे. साक्षरता ३६.१० टक्के, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत कमी. खाली तिने लिहिलं होतं: "एवढं वाचलं, पण डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही."

तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

आधी जिल्ह्याचं वय. अलीराजपूर हे एक संस्थान होतं. १९४८ मध्ये ते मध्य भारतात सामील झालं आणि झाबुआ जिल्ह्याचा भाग बनलं. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला तरी ती व्यवस्था तशीच राहिली. १७ मे २००८ रोजी झाबुआचा दक्षिण भाग वेगळा काढून अलीराजपूर जिल्हा केला. म्हणजे २००१ मध्ये मी ज्यांची नावं लिहिली ती माणसं झाबुआच्या खात्यात जमा झाली, आणि सात वर्षांनी घर, शेत, विहीर काहीही न हलता ती दुसऱ्या जिल्ह्याची झाली.

हे ध्यानात ठेवलं नाही तर आकडे फसवतात. २००१ च्या तक्त्यात झाबुआची लोकसंख्या १३,९४,५६१ आहे. २०११ च्या तक्त्यात झाबुआ १०,२५,०४८. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या तर वाटेल की दहा वर्षांत पावणेचार लाख माणसं गेली कुठे? रोगराई आली की दुष्काळ पडला? काहीच नाही, मधली रेघ सरकली. २०११ मधले झाबुआ आणि अलीराजपूर एकत्र केले की बेरीज १७,५४,०४७ होते. म्हणजे जुन्या झाबुआच्या जागेवर दहा वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक माणसं वाढली. बडोद्याच्या नातेवाइकांनाही हा हिशेब लागू आहे. २०११ मध्ये बडोदा जिल्ह्याची लोकसंख्या ४१,६५,६२६ होती, पण २०१३ मध्ये त्यातून छोटा उदेपूर वेगळा झाला. आजच्या बडोदा जिल्ह्याला तो जुना आकडा लावला तर उत्तर चुकणारच. म्हणून कुठल्याही जिल्ह्याची लोकसंख्या वाचताना पहिला प्रश्न असा विचारायचा: हा आकडा कुठल्या वर्षाच्या हद्दीचा आहे?

आता "९२ टक्के ग्रामीण" म्हणजे काय ते बघू. जनगणनेला शहर दोन वाटांनी सापडतं. जिथे नगरपालिका, नगर परिषद किंवा लष्करी छावणी आहे ते कायद्याने शहर. आणि जिथे असं काही नसलं तरी वस्ती पाच हजारांच्या वर आहे, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं राहतात आणि मुख्यत्वे काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर आहेत, ते जनगणनेचं शहर. या दोन्हींत न बसणारं सगळं ग्रामीण. अलीराजपूरमध्ये दर चौरस किलोमीटरला सरासरी २२९ माणसं राहतात, इंदूर जिल्ह्यात ८४१. जिल्ह्याचं गाव अलीराजपूर, शिवाय जोबट आणि भाबरा, अशी मोजकी ठिकाणं सोडली की उरतात ती पाचशेहून अधिक गावं. भाबऱ्याचं नाव आता चंद्रशेखर आझाद नगर आहे, कारण आझादांचा जन्म १९०६ मध्ये तिथलाच. बोलताना मात्र लोक अजून भाबराच म्हणतात. बसची पाटी वाचताना भाचीला दोन्ही नावं ठाऊक हवीत.

आणि इथेच माझ्या मनातली मुख्य गोष्ट येते. "गाव" म्हटलं की साताऱ्याच्या माणसाला वेस, पार, चावडी, मारुतीचं देऊळ आणि भिंतीला भिंत लावून उभी घरं दिसतात. सोंडव्याकडे असं काही शोधू नये. इथल्या भिल आणि भिलाला या जमातींचा माणूस आपल्या शेतात, टेकडीच्या माथ्यावर घर बांधतो. शेजारच्या टेकडीवर भावाचं घर, पलीकडे चुलत्याचं. अशी दहा, वीस, तीस घरं मिळून एक फलिया. नंदुरबारकडे, अक्राणी-धडगावात ज्याला पाडा म्हणतात तेच हे. नर्मदेच्या अलीकडे फलिया, पलीकडे पाडा. असे पाच, सात, कधी दहा फलिया मिळून सरकारच्या कागदावरचं एक गाव होतं. एका फलियातून त्याच गावाच्या दुसऱ्या फलियात जायला मला कधीकधी तास लागायचा, मधे नाला आणि चढ.

सरकारला या फलियांची गाठ कुठे मारायची हे ठरवावं लागतं, आणि गंमत अशी की ते एकदाच ठरत नाही. महसूल खात्याचं गाव वेगळं, पंचायतीचं वेगळं आणि जंगल खात्याचं वेगळं.

महसुली गाव म्हणजे ज्याची हद्द मोजलेली आहे आणि ज्याचा जमिनीचा नकाशा व दप्तर स्वतंत्र आहे ते. जनगणना याच गावांची यादी धरते. त्यात माणूस राहतो की नाही याला महत्त्व नाही. बेचिराग गावही यादीत असतं, त्याच्यासमोर शून्य लिहिलेलं असतं. सरदार सरोवराच्या पाण्यात अलीराजपूरच्या नर्मदाकाठच्या गावांचे फलिया गेले, जलसिंधीसारखी नावं तर साऱ्या देशाने ऐकली. पाणी चढलं म्हणून गावाचं नाव यादीतून आपोआप पुसलं जात नाही. उरलेले फलिया वर डोंगरात त्याच नावाने राहतात.

वनग्राम ही निराळी तऱ्हा. जंगल खात्याने आपल्या हद्दीत वसवलेली किंवा मानलेली वस्ती म्हणजे वनग्राम. तिथे पटवाऱ्याचं दप्तर पोचत नाही, म्हणून जमिनीचा उतारा नाही, आणि उतारा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्यात अशा गावांना महसुली गाव करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. भाचीला म्हटलं, तुझ्या टेबलासमोर वनहक्काचा पट्टा घेऊन माणूस आला तर "उतारा आणा" म्हणून त्याला परत पाठवू नकोस. त्याच्याजवळ जो कागद आहे, तो मिळवायला त्याच्या घरच्यांनी वर्षं घातली असतील.

पंचायतीचं गाव आणखी तिसरं. त्याकडे येते, पण आधी कचेऱ्यांची शिडी सांगते, कारण भाचीचं रोजचं काम तिथेच अडणार.

महाराष्ट्रातून येणाऱ्याचा गोंधळ असा होतो की माणसं तीच असतात पण नावं बदललेली. तिकडचा तालुका, इकडे तहसील. तलाठी, इकडे पटवारी. तलाठ्याचा सज्जा, पटवाऱ्याचा हल्का. मंडळ अधिकाऱ्याला इकडे राजस्व निरीक्षक म्हणतात, बोलताना नुसतं "आरआय". प्रांत म्हणजे इकडचे एसडीएम. गावचा कोतवाल इकडे कोटवार, आणि त्याला सेवेच्या मोबदल्यात कसायला जमीन दिलेली असते. वर कलेक्टर, त्यांच्यावर संभागाचे कमिश्नर. हे कमिश्नर इंदूरला बसतात, आणि इंदूर, धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूर असे आठ जिल्हे त्यांच्याकडे.

सातबारा मागू नकोस, असं तिला बजावून सांगितलं. इकडे सर्व्हे नंबरप्रमाणे जमिनीची नोंद म्हणजे खसरा. खातेदाराप्रमाणे, म्हणजे आपल्या आठ-अ सारखी, ती खतौनी किंवा बी-१. आणि शेतकरी "पावती आणली आहे" म्हणाला तर ती पैसे भरल्याची पावती नव्हे. भू-अधिकार ऋण पुस्तिकेला इकडे लोक पावती म्हणतात. जमीन किती, कर्ज किती, बोजा कुणाचा, सगळं त्या पुस्तिकेत. मराठी माणूस हमखास इथे चुकतो, मीही चुकले होते. शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांनी जामीन राहण्यासाठी पावती आणली, आणि मी त्यांना "कसली पावती, किती रुपये भरले?" असं विचारत बसले.

जमिनीबाबत एक नियम तिने पाठच करावा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५(६) प्रमाणे आदिवासी भाग म्हणून अधिसूचित केलेल्या ठिकाणी आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होऊ शकत नाही. तारण म्हणून जमीन घेताना बँकवाल्याला हा नियम पदोपदी भेटतो. तो अडचण वाटू शकतो, पण मला तो या जिल्ह्याचा कणा वाटतो. ८९ टक्के आदिवासी वस्ती आजही आपल्याच टेकडीवर राहते, यात त्या कलमाचा मोठा वाटा आहे.

ही झाली महसुलाची शिडी. विकासाची शिडी वेगळी, आणि दोन्ही एकमेकींना समांतर चालतात. विकासाच्या शिडीत तहसील नसते, विकासखंड असतो. अलीराजपूरमध्ये सहा आहेत: अलीराजपूर, जोबट, उदयगड, भाबरा, कट्ठीवाडा आणि सोंडवा. प्रत्येक विकासखंडाला एक जनपद पंचायत. महाराष्ट्रातली पंचायत समिती ती इकडची जनपद पंचायत, जिल्हा परिषद ती जिला पंचायत, गटविकास अधिकारी ते जनपदचे सीईओ, ग्रामसेवक तो पंचायत सचिव. तहसिलीचं नाव आणि विकासखंडाचं नाव बहुधा सारखंच असतं, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण तहसीलदाराकडे जमीन, दाखले आणि वाद जातात. जनपदकडे रोजगार हमी, घरकुल, पंचायतीचे पैसे. चुकीच्या दारात गेलेल्या माणसाचा एक दिवस आणि बसभाडं वाया जातं. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिथे कुठलीही तक्रार घेऊन जाता येतं. सोंडव्याच्या डोंगरातून पहाटे निघालेली माणसं मी त्या रांगेत पाहिली आहेत.

सगळ्यांत मोठा फरक मात्र निवडणुकीत दिसतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होते. मध्य प्रदेशात पंचायतीच्या तिन्ही पायऱ्यांवर पक्षाचं चिन्ह नसतं. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, राज्याने त्याच वर्षी आपला पंचायत कायदा केला आणि १९९४ मध्ये निवडणुका घेतल्या. ग्रामपंचायतीत दहा ते वीस पंच असतात, सरपंच थेट मतदानाने निवडला जातो आणि निम्म्या जागा बायकांसाठी राखीव. शिवाय अलीराजपूर पूर्णपणे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या खास व्यवस्थेत, येतं, त्यामुळे सरपंचापासून जिला पंचायतीच्या अध्यक्षापर्यंत प्रमुखाची जागा अनुसूचित जमातींसाठीच. विधानसभेच्या जागा दोन, अलीराजपूर आणि जोबट, दोन्ही त्याचप्रमाणे राखीव. लोकसभेला हा जिल्हा रतलाम मतदारसंघात मोडतो, संभाग इंदूर असला तरी.

शाळांचंही तसंच. साताऱ्यात प्राथमिक शाळेचे गुरुजी जिल्हा परिषदेचे. इकडे राज्यातल्या ८९ आदिवासी विकासखंडांत शाळा चालवतं ते आदिवासी खातं. मी शिक्षिका होते, पण शिक्षण खात्याची नव्हते. माझा पगार, बदली, वसतिगृहाचं धान्य, सगळं आदिम जाती कल्याण विभागाकडून यायचं. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझी नोकरी संपली.

आता ते पंचायतीचं गाव. ग्रामपंचायत बनवताना दोन-तीन महसुली गावं एकत्र बांधतात, म्हणजे पंधरा-वीस फलिया एका सरपंचाखाली. ग्रामसभा भरते ती पंचायत भवन असलेल्या फलियात. दूरच्या टेकडीवरची बाई डोक्यावर पाण्याचा हंडा, कडेवर मूल घेऊन तिथे कशी पोचणार? हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडला होता. १९९६ मध्ये संसदेने पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा वेगळा कायदा, केला तो पाचव्या अनुसूचीच्या भागांसाठी. त्यात गावाची व्याख्याच वेगळी आहे. वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज आपल्या रीतीभातीप्रमाणे आपला कारभार चालवतो, ते गाव. पटवाऱ्याचा नकाशा यात कुठेही नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. सरकारी कागदावर पहिल्यांदाच कुणीतरी फलियाला गाव म्हटलं होतं.

मध्य प्रदेशने आपल्या पंचायत कायद्यात ही व्याख्या घेतली. ग्रामसभेच्या बैठकीचं अध्यक्षपद सरपंचाकडे नसतं, सरपंच-उपसरपंच-पंच नसलेल्या एखाद्या आदिवासी सदस्याला सभा निवडते. पण नियम यायला फार वर्षं गेली. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला, शहडोलमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत ते लागू झाले. कायदा आणि नियम यांच्यामध्ये सव्वीस वर्षं. मी शिकवलेल्या मुली तोवर आया झाल्या होत्या. आता फलियातले लोक ठराव करून आपली वेगळी ग्रामसभा मागू शकतात. म्हणून भाचीला सांगितलं, एखादा ठराव किंवा दाखला "ग्रामसभेचा" म्हणून समोर आला तर ही ग्रामसभा कुठली ते विचार. पूर्ण पंचायतीची की एका फलियाची.

मोजणीचं सांगायचं राहिलं, आणि ते मी स्वतः केलेलं काम आहे.

जनगणना दोन फेऱ्यांत होते. आधी घरांची यादी, मग माणसांची. २००१ मध्ये माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी होती. २८ च्या रात्री बेघरांना मोजायचं, आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी. संदर्भाचा क्षण १ मार्चची मध्यरात्र. त्यानंतर जन्मलेलं मूल त्या जनगणनेत नाही. मला शंभर-सव्वाशे घरांचा गट मिळाला. प्रथम नजरी नकाशा काढायचा, म्हणजे हाताने, मापाशिवाय. नाला, मोहाचं झाड, हँडपंप, फलिया, घरांचे क्रमांक. तो नकाशा काढताना मला त्या गावाचा जो आकार कळला, तो चार वर्षं शिकवूनही कळला नव्हता.

अडचण ही की फेब्रुवारीत घरं बंद होती. खरिपाचा मका-बाजरी संपत आला की माणसं गुजरातकडे निघतात, बडोदा, सुरत, राजकोट, काठियावाड. बांधकामावर, शेतावर. बऱ्याचदा घरचे सगळेच जातात, लहान मुलांसकट. मागे एखादी म्हातारी आणि शेळ्या. नियम असा आहे की मोजणीच्या त्या वीस दिवसांत माणूस एकदाही घरी आला नसेल तर त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जावा. कागदावर नियम रास्त आहे, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जाईल. पण सुरतेतल्या अर्धवट इमारतीखाली झोपलेल्या माणसाच्या दारात कुणी गेलं का? त्याला दार होतं का?

त्या वर्षी होळी ९ मार्चला होती. भगोरिया, म्हणजे इथल्या आदिवासींचा जत्रेसारखा बाजार, होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो, आणि भगोरियाला कुणी परगावी राहत नाही. म्हणजे फेरतपासणीला मी पुन्हा टेकड्या चढत होते तेव्हा माणसं गठुडी घेऊन बसमधून उतरत होती. कुलपं निघत होती, घरांतून धूर यायला लागला होता. मी प्रत्येकाला विचारलं, तिकडे तुम्हाला कुणी मोजलं का? एक तरणा माणूस म्हणाला, "बेन, तिकडे ठेकेदारच मोजतो, संध्याकाळी." ज्यांना कुठेच मोजलं नव्हतं त्यांची नावं मी लिहिली. ज्यांना नक्की सांगता येईना त्यांच्यापाशी मी जितका वेळ थांबता येईल तितका थांबले. तरी काहीजण सुटले असतील, हे मी अजून मनात बाळगून आहे. २०११ मध्ये मोजणीच्या तारखा त्याच, आणि होळी १९ मार्चला. म्हणजे भगोरिया मोजणी संपल्यावर आठवड्याने सुरू झाला. ७,२८,९९९ हा आकडा वाचताना मला शेवटचे तीन नऊ फार ठाम वाटतात. टेकडीवर तो तितका ठाम नसतो.

कामाच्या रकान्याचंही असंच आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम करणारा मुख्य कामगार, त्याहून कमी करणारा सीमांत. चार महिने आपल्या शेतात आणि पाच महिने सुरतेला राबणाऱ्याची नोंद घरी बऱ्याचदा शेतकरी म्हणून होते. जिल्ह्याचा तक्ता वाचून वाटतं की सगळे शेतीवर जगतात. खरं तर शेतीवर ते राहतात आणि मजुरीवर जगतात.

दोन राज्यांमधली सीमा या मजुरांना किती महागात पडते त्याचं उदाहरण सिलिकोसिसचं. गुजरातेत गोध्रा, बालासिनोरच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत अलीराजपूर-झाबुआ-धारची माणसं कामाला गेली आणि छातीत दगडाची भुकटी घेऊन परतली. कारखाना एका राज्यात, मरण दुसऱ्या राज्यात. भरपाई कुणी द्यायची यावर वर्षं गेली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना गुजरातने प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील त्या कामावर होते. शेवटच्या हिवाळ्यात ते शाळेच्या ओट्यावर बसून उन्हात श्वास घेत राहायचे.

आता साक्षरता, जी सांगताना प्रत्येकाचा आवाज बदलतो. ३६.१० टक्के. पुरुष ४२.०२, स्त्रिया ३०.२९. देशाची तेव्हा ७२.९९, इंदूर जिल्ह्याची ८०.८७. हा आकडा सात वर्षं आणि त्यावरच्या माणसांवर काढतात, आणि कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा साक्षर. पासष्ट वर्षांची म्हातारी आणि आठ वर्षांची मुलगी दोघी एकाच भागाकारात बसतात. म्हणजे या टक्क्यात आजच्या शाळेइतकीच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची शाळा, किंवा तिचं नसणं, मोजलेलं असतं. माझ्या वर्गातली मुलं घरी भिलाली बोलायची आणि पुस्तक हिंदीत होतं. पहिली दोन वर्षं तर मी शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकलेच जास्त. जनगणनेत भिलाली, बारेली, पावरी अशा बोली "भिली/भिलोडी" या एका नावाखाली जमा होतात. २०११ मध्ये देशात ती बोलणारे १ कोटी ४ लाखांच्या वर होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मान्यताप्राप्त, काही भाषांपेक्षा ही संख्या मोठी आहे, पण ती त्या अनुसूचीत नाही.

याच तक्त्यात एक ओळ अशी आहे जी कुणी वाचून दाखवत नाही. दर हजार पुरुषांमागे १०११ स्त्रिया. राज्यात ९३१, देशात ९४३. मध्य प्रदेशात हजाराच्या वर फक्त चार जिल्हे होते: बालाघाट, अलीराजपूर, मंडला, डिंडोरी. काही पुरुष मजुरीला बाहेर असतील, तो भाग धरूनही या समाजात मुलगी ओझं नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. लग्नात दापा, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडचे देतात. देशात सर्वांत कमी साक्षर जिल्हा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याच्याकडून आम्हा शिकलेल्यांनी ही ओळ शिकावी असं मला मनापासून वाटतं.

भाचीने विचारलं, मग आजची लोकसंख्या किती धरू? छापील आकडा अजून २०११ चाच आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ धरून ठरली आहे. तोवर अंदाजच. जिल्हाही तोवर बराच बदललाय. २०१९ मध्ये छोटा उदेपूरहून रेल्वे अलीराजपूरला पोचली. ती गाडी बडोद्याकडे जाते, इंदूरकडे नाही. संभाग इंदूर असला तरी जिल्ह्याचं तोंड रोजीरोटीसाठी पश्चिमेलाच होतं, आता रुळांनीही तेच केलं.

परवा मी तिला गंगवाल बसस्थानकावर सोडून आले. डब्यात गूळपोळ्या दिल्या आणि येताना कट्ठीवाड्याचा नूरजहाँ आंबा मिळाला तर बघ म्हटलं, एकेक फळ दोन-तीन किलोंचं असतं. काल रात्री तिचा फोन आला. पहिली कर्जाची फाईल बघितली होती. "आत्या, पत्त्यात गावाचं नाव आहे, पंचायत आहे, हल्का नंबर आहे, तहसील आहे. तरी शाखेतला शिपाई म्हणतो, असं घर सापडायचं नाही. तू सांगितलंस तसं मी त्या शेतकऱ्याला विचारलं, फलिया कुठला?"

"मग काय म्हणाला?"

"हसला गं. म्हणाला, पटेल फलिया, नाल्यापलीकडे, तिसरी टेकडी. उद्या मोटारसायकलवर घ्यायला येतोय."